आपा झोपल्या तेव्हा

“पण आपा, तो फक्त माझ्याशीच बोलतो, यात वाईट काय आहे?”

यशोधनने हे विचारलं तेव्हा आपा खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. ढग उतरला होता.

“वाईट आहे असं मी म्हटलं का?”

“म्हटलं नाहीत. पण ‘हं’ केलंत.”

“हं,” आपा म्हणाल्या.

आमचं विद्यापीठ टेकडीवर आहे आणि खाली खाडी. भाद्रपदात खाडीवरून ढग निघतो, सावकाश टेकडी चढतो आणि आमच्यात येऊन बसतो. मग ग्रंथालय दिसेनासं होतं, मग वसतिगृहं, मग समोरचा माणूस. अशा वेळी सगळे हळू बोलतात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यात गणपतीची सुट्टी. कोकणातली सगळी पोरं घरी गेलेली. राहिली ती लांबची, लातूर-नांदेडकडची, ज्यांना जाण्यायेण्यातच सुट्टी संपते. खालच्या गावातून अधूनमधून आरतीचा आवाज वर यायचा. तोही ढगातून येत असल्यामुळे कुठल्या घरची आरती ते सांगता यायचं नाही.

आमच्या केंद्राचं नाव ‘सोबत’. ज्या विद्यार्थ्याला जगणं नकोसं होतं, त्याने किंवा त्याच्या मित्राने आम्हाला फोन करायचा आणि आम्ही जायचं. काम एवढंच. कागदावर आमचं नाव ‘मानसिक आपत्कालीन प्रतिसाद पथक’ असं आहे. ते एका दमात म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

हे पथक जुलेखा आपांनी उभं केलं. मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, खाडीपलीकडच्या गावच्या. निवृत्त झाल्या, पण आम्ही त्यांना जाऊ दिलं नाही. त्यांनीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

त्यांनी दोन नियम घालून दिले होते. जायचं ते जोडीने जायचं. आणि ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही द्यायचं नाही.

यशोधनने दोन्ही मोडले होते.

यशोधन पुण्याचा. शिकलेला, सुवर्णपदकवाला, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. पण खोटं कशाला बोलू, माणूस कामाला चांगला होता. फोनवर त्याचा आवाज ऐकला की मलाच आपलं काहीतरी दुःख त्याला सांगावंसं वाटायचं.

त्या दुपारी तो शाबासकी घ्यायला आला होता. सरळ कुणी मागत नाही, म्हणून प्रश्न विचारत होता.

“बालाजी कोटगिरे, आपा. भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष. देगलूरकडचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मरायच्या गोष्टी करत होता. दार उघडत नव्हता, जेवत नव्हता. कुणाशी बोलत नव्हता. वॉर्डनशी नाही, मित्रांशी नाही, घरीही नाही. माझ्याशी बोलला.”

“बरं झालं.”

“रोज जातो मी. आणि परवापासून तो शांत आहे.”

आपांनी मान वळवली.

“शांत म्हणजे?”

“म्हणजे शांत. मी बरा आहे सर, म्हणतो. हसतो. काल तर मलाच म्हणाला, तुम्ही दमलाय, घरी जा.”

आपांनी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं.

“आपा?”

“तू कधी झोपलास?”

“मी? माझं काय... पडतो थोडा वेळ. फोन उशाशी असतो. त्याचा फोन आला आणि मी उचलला नाही, असं होऊन चालणार नाही ना.”

“जोडीला कोण असतं?”

“दुसऱ्या माणसासमोर तो बोलत नाही.”

“हं.”

या वेळचा ‘हं’ मलाही ऐकू आला. मी कोपऱ्यात फोनजवळ बसलो होतो. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केल्यावर त्यांचे ‘हं’ मला वेगवेगळे ओळखू येतात. हा चांगला नव्हता.

“त्याने तुला काय सांगितलंय, यशोधन?” आपांनी विचारलं. “जे तू अजून इथे कुणाला सांगितलेलं नाहीस.”

यशोधनने माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं.

“मी त्याला वचन दिलंय,” तो म्हणाला.

“मग मला सांगू नकोस.”

आपा उठल्या. कोपऱ्यातली काठी घेतली.

“त्याच्यासमोर सांग. चल.”

दोघं दारातून बाहेर पडले. आधी आपांची पांढरी ओढणी ढगात गेली, मग यशोधनची निळी छत्री गेली. काठीचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

यापुढचं मला यशोधनने सांगितलं, थोडं आपांनी. यशोधनने सांगताना स्वतःला जरा बरं दाखवलं असेल, म्हणून मी ते वजा करायला बसलो. फारसं काही निघालं नाही, एवढं त्याच्या बाजूने बोलतो.

चढावर आपा हळू चालत होत्या.

“त्याच्याशी काय बोलणार तुम्ही?” यशोधनने विचारलं.

“बघू.”

“ठरवलेलं नाही?”

“तू ठरवून जातोस?”

“हो. सुरुवातीची वाक्यं तरी तयार हवीत.”

“आणि त्याची?”

“त्याची काय?”

“त्याची वाक्यं तयार असतात का?”

यशोधनला प्रश्न उगीचच कोड्यात विचारल्यासारखा वाटला, आणि मनातून तो थोडा चिडलाही.

वसतिगृहाचा व्हरांडा रिकामा होता. दोरीवर कुणाचा तरी टॉवेल राहून गेला होता, ओलाच. दारांना कुलपं. एकाच दाराला नव्हतं.

यशोधनने हात वर केला, तेवढ्यात आपा म्हणाल्या, “मी आलेय हे सांग. आणि विचार.”

त्याने दार वाजवलं.

“बालाजी, मी आहे. माझ्याबरोबर जुलेखा आपा आहेत. आम्ही दोघं आत येऊ का?”

आतून काही नाही.



मग कडी वाजली.

बालाजी दारात उभा होता. उंच पोरगा, गालफडं बसलेली. त्याने आपांकडे बघितलं आणि मग यशोधनकडे असं बघितलं की यशोधनला आपला चेहरा कुठे ठेवावा कळेना.

“सर, तुम्ही सांगितलं व्हय ह्यांना?”

“मला त्याने काही सांगितलेलं नाही,” आपा म्हणाल्या. “पण सांगण्यासारखं काहीतरी आहे, एवढं मला कळलं. म्हणून आले.”

बालाजी बाजूला झाला.

खोली आवरलेली होती. पुस्तकं एकावर एक रचलेली, टेबल पुसलेलं, कपडे घडी करून खुर्चीवर. यशोधनला वाटलं, वा, पोराला हुरूप आला. आपा त्या पुसलेल्या टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

यशोधन खुर्चीवर बसला आणि त्याने सुरुवात केली.

“बालाजी, तुला आज जे काही वाटतंय, ते वाटणं अगदी स्वाभाविक आहे...”

“मी बरा आहे सर.”

“छान. हे ऐकून मला खरंच...”

“खरंच बरा आहे मी.”

“तू हा प्रवास ज्या धैर्याने...”

आपांनी जांभई दिली. तोंडावर हात धरून, पण चांगली मोठी.

यशोधन थांबला.

“ही खाट कुणाची रे बाळा?” आपांनी विचारलं.

“रोहनची. देवगडचा आहे. गणपतीला गेलाय.”

“मी जरा पाठ टेकू? चढ चढून आले, गुडघे रुसलेत.”

“टेका की मॅडम.”

आपांनी चपला खाटेखाली सारल्या. चष्मा काढून उशाशी ठेवला. भिंतीकडे तोंड केलं, आणि त्यांची पाठ या दोघांकडे झाली.

थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला.

आणखी थोड्या वेळाने त्या बारीक घोरायला लागल्या.

आयुष्यात यशोधनला इतकी लाज कधी वाटली नव्हती, असं तो म्हणतो. ज्यांच्याकडे शिकण्यासाठी पुणं सोडलं, त्या गुरू एका मरायला निघालेल्या पोराच्या खोलीत घोरत होत्या. तो उठला आणि खाटेकडे गेला.

“आपा... आपा, अहो...”

“शू!”

बालाजीने त्याचा हात धरला होता.

“उठवू नका सर. झोपल्यात त्या.”

हे तो इतक्या हळू बोलला की यशोधनने आपोआप हात मागे घेतला.

उघड्या खिडकीतून ढग आत येत होता. बालाजी पाय न वाजवता गेला आणि त्याने खिडकी लोटून घेतली. मग त्याने आपांकडे बघितलं. त्यांनी पाय पोटाशी घेतले होते.

“गारवा लई आहे,” तो पुटपुटला.

त्याने इकडेतिकडे बघितलं. पांघरायला काहीच वर नव्हतं, सगळं आवरून ठेवलेलं. तो आपल्या खाटेखाली वाकला, ट्रंक ओढली आणि झाकण उचललं. वर एक वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, हाताने शिवलेली. त्याने ती काढली, उलगडली आणि आपांच्या अंगावर घातली. पायाकडची बाजू खोचून दिली.

ट्रंक उघडीच राहिली.

वाकळीखाली एक पुडकं होतं.

यशोधनला ते काय आहे हे ठाऊक होतं. साठवलेल्या गोळ्या. याचंच वचन दिलेलं होतं त्याने, कुणाला सांगणार नाही म्हणून. आत्तापर्यंत त्या पुडक्याबद्दल त्याने नुसतं ऐकलं होतं. आज पहिल्यांदा बघितलं.

बालाजीनेही त्याला बघताना बघितलं.

कुणी हललं नाही. आपा घोरत होत्या. खाली कुठेतरी आरती सुरू झाली, टाळ ऐकू यायला लागले, पण शब्द येत नव्हते.

यशोधनने तोंड उघडलं. आणि त्याच्या लक्षात आलं की त्याच्याजवळचं एकही वाक्य कुजबुजत म्हणता येण्यासारखं नाही. ‘तू हा प्रवास ज्या धैर्याने’ हे कुजबुजून बघा एकदा. हसू येतं.

म्हणून तो खाली फरशीवर बसला आणि त्याला जे सुचलं ते म्हणाला.

“बालाजी, मला भीती वाटते.”

“... तुम्हाला?”

“हो. रोज.”

बालाजी ट्रंकेच्या पलीकडे बसला. दोघांच्या मध्ये उघडं झाकण.

“दिसतं सर ते,” तो हळूच म्हणाला.

“काय दिसतं?”

“तुमचे डोळे बघा की आरशात. तुम्ही झोपतच नाही.” तो थांबला. वाकळीकडे बघितलं, आपांनी कूस बदलली का ते. नव्हती बदलली. “फोन करावा वाटायचा मला. हातात घ्यायचो. मग वाटायचं, नको, सरांचा डोळा लागला असंल. मग ठेवायचो.”

“मी त्यासाठीच तर...”

“हळू.”

“मी त्यासाठीच तर जागा असायचो.”

“माहीत आहे. म्हणूनच तर.”

...

“परवापासून मी बरा आहे म्हणायलोय ना तुम्हाला,” बालाजी म्हणाला. “खोटं होतं ते. तुमचं तोंड बघवंना. म्हटलं, आपल्यापायी एक माणूस झिजायलाय. ह्यांना तरी मोकळं करावं.”

यशोधनला आधी कळलं नाही. मग कळलं.

आवरलेलं टेबल. घडी केलेले कपडे. ‘तुम्ही दमलाय, घरी जा.’

सगळ्या जगात एकाच माणसाशी बोलणारा हा पोरगा परवापासून त्याच्याशीही खरं बोलत नव्हता. आणि यशोधन दुपारी आपांकडे शाबासकी मागायला गेला होता.

यशोधन रडायला लागला. त्याने आवाज होऊ दिला नाही, पण खांदे हलत होते. प्रशिक्षणात सांगतात, विद्यार्थ्यासमोर स्वतःला सावरा. त्या क्षणी त्याला प्रशिक्षण काही आठवलं नाही, आणि मला विचाराल तर बरंच झालं.

“रडू नका सर,” बालाजी घाबरून म्हणाला. “उठतील त्या.”

“हं.”

“पाणी देऊ?”

“दे.”

बालाजीने तांब्यातलं पाणी दिलं. यशोधन प्यायला. भांडं खाली ठेवताना दोघांनीही ते जपून ठेवलं.

“मी तुला चुकीचं वचन दिलं,” यशोधन म्हणाला. “मला वाटलं, ते दिलं नाही तर तू बोलणार नाहीस. मला एकट्याला हे पेलत नाही, बालाजी. मी सांगणार आहे. पण तुझ्या पाठीमागे नाही, तुझ्यासमोर सांगणार.”

“कुणाला?”

“आपांना. डॉक्टरांना. तुझ्या घरी कुणाला तरी. घरी कुणाला, ते तू ठरव.”

बालाजी वाकळीच्या टाक्यांकडे बघत बसला. यशोधनला पुढे बोलायची फार घाई झाली. आपा झोपलेल्या नसत्या तर तो बोललाच असता.

आरती संपली. ढग खिडकीच्या काचेला टेकून उभा होता. खोलीत इतका मऊ उजेड होता की वेळ कुठली आहे, किती गेली, काही कळत नव्हतं. यशोधन म्हणतो, त्याला एकदा वाटलं की हे सगळं आपण झोपेत बघतोय, आणि खरी जागी फक्त आपाच आहेत.

“मामाला,” बालाजी म्हणाला.

“मामाला.”

“आईला आत्ताच नको. ती घाबरंल. मामा सांगंल तिला.”

“बरं.”

मग बालाजीने ट्रंकेत हात घातला आणि पुडकं काढलं. यशोधनने हात पुढे केला.

बालाजीने मान हलवली.

“तुम्ही नका ठेवू सर. परत झोप यायची नाही तुम्हाला.”

तो उठला आणि चवड्यांवर चालत खाटेपाशी गेला. त्याने ते पुडकं उशाशी, आपांच्या चष्म्याशेजारी ठेवलं. मग परत येऊन यशोधनच्या बाजूला बसला. ट्रंकेचं झाकण त्याने लावून टाकलं होतं, त्यामुळे आता मध्ये काही नव्हतं.

दोघं आपांच्या उठण्याची वाट बघत बसले.

आपा उठल्या त्या घाईने नाही. आधी हाताने चष्मा चाचपला. हाताला चष्मा लागला, मग पुडकं लागलं. चष्मा डोळ्यांवर चढवला. पुडकं पिशवीत टाकलं.

मग अंगावरच्या वाकळीवरून हात फिरवला.

“कुणी शिवली?”

“आईने.”

“बारीक टाका आहे.”

“लई वेळ लागला तिला.”

“लागणारच.” आपा बसत्या झाल्या आणि पाय खाली सोडले. “बाळा, तू जीव द्यायचं ठरवलं होतंस का?”

यशोधन दचकला. इतकं सरळ त्यानेही कधी विचारलं नव्हतं. खरं तर विचारायचं सरळच असतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. तरी जीभ रेटत नाही.

“व्हय,” बालाजी म्हणाला.

“कधी?”

“पोरं यायच्या आत.”

“आणि आत्ता?”

“आत्ता...” त्याने यशोधनकडे बघितलं, मग आपांच्या पिशवीकडे. “आत्ता माहीत नाही.”

“बरं,” आपा म्हणाल्या. “आज तेवढं पुष्कळ आहे. मामाला फोन इथूनच लावायचा का?”

बालाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. झोपेत ऐकलं की कसं, हे विचारायचं त्यालाही सुचलं नाही.

त्याने फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला आणि फोन खाटेवर ठेवला. वाजत राहिला, वाजत राहिला. मग पलीकडे गाड्यांचा गोंगाट आला.

“बाला? बोल रे. जेवलास का?”

बालाजीचं तोंड हलत होतं, आवाज नाही. यशोधन पुढे झुकला, मी सांगतो म्हणून. आपांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“बाला? आवाज येईना... बाला?”

“मामा...”

“काय रे?”

“मामा, मला लई वाईट वाटायलंय. जगावं वाटंना. मला न्यायला ये.”

पलीकडचा गोंगाट तसाच होता, मामा मात्र एकदम गप्प झाला.

“कुठं हायस?”

“खोलीत.”

“एकटा हायस?”

बालाजीने मान वळवून खोलीत बघितलं.

“नाही.”

“मग तिथंच बस. हालू नको. मी गाडी बघतो. आन् फोन ठेवू नको, ऐकलं का? मी निघालो तरी ठेवू नको. मी बोलत राहतो.”

आणि तो बोलत राहिला. गाडी कुणाची बघतोय, मामी काय बांधून देतेय, रस्ता कुठून घ्यायचा, सगळं. बालाजी हुंदके देत होता आणि ‘हं, हं’ म्हणत होता.

आपांनी मला फोन केला तो तेव्हा. मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना घेऊन वर गेलो. व्हरांड्यात पोचलो तर आतून मामाचा आवाज येत होता, आणि खरं सांगतो, मला वाटलं मामा येऊनच पोचला.

डॉक्टर बालाजीशी सावकाश बोलले. पुडकं त्यांनी आपांकडून घेतलं. ठरलं असं की मामा येईपर्यंत त्याने आरोग्य केंद्रात राहायचं. डॉक्टर असणार, वॉर्डन असणार, आणि त्याच्या वर्गातला एक परभणीचा पोरगा सुट्टीत इथेच होता, त्याला बालाजीने स्वतः बोलावून घेतलं. तो पोरगा धावत आला. म्हणाला, “कधीचा विचार करत होतो यावं म्हणून, पण तू दार लावून बसायलास.”

सगळे निघाले. बालाजीने खांद्यावर वाकळ घेतली होती. डॉक्टर आणि तो परभणीचा मित्र त्याच्या दोन बाजूंना. ढगात तिघांची मिळून एकच आकृती दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली. बोलण्याचा आवाज मात्र येत होता.

आम्ही तिघं मागून चाललो होतो. आपा, यशोधन आणि मी.

मला वाटलं, आता यशोधन आपांच्या पाया पडणार. अशा वेळी शिष्यांनी तेच करायचं असतं.

तो थांबला.

“आपा, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही खरंच झोपला होतात?”

“चढ चढून आले होते रे.”

“म्हणजे खरंच!” त्याचा आवाज चढला. “तुम्हाला माहीत होतं तो कशाच्या काठावर आहे. मी सांगितलं नव्हतं तरी तुम्ही ओळखलं होतंत, टेबलाकडे बघून. ते पुडकं त्या खोलीत होतं, आपा! हाताच्या अंतरावर! आणि तुम्ही पाठ करून झोपलात. काही झालं असतं तर?”

आपा चालत होत्या.

“आम्हाला शिकवलंत, नजर हलवायची नाही. आणि स्वतः... मी किती रात्री डोळ्याला डोळा लावला नाही, तुम्हाला कल्पना आहे? आणि तुम्ही अशा जागी, अशा वेळी... कसं झोपवतं माणसाला? भीती नाही वाटली?”

त्याला राग आला होता, रडूही येत होतं, आणि तो खूप दमला होता. मी म्हणणार होतो, जाऊ दे यशोधन. पण आपांनी काठी टेकली आणि त्या वळल्या. चष्म्यावर ढग साचला होता. त्यांनी तो काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

“कशाची भीती?” त्या म्हणाल्या. “मला सांभाळायला खोलीत दोन माणसं होती की.”